वाकड्या हाताचा नेम

दम्माम, बुधवार, १३ नोव्हेंबर २०२४

हाशिर,

वर सलाम लिहिलेला नाही. विसरलो म्हणून नव्हे. हाशिरभाईमधला भाईसुद्धा मुद्दाम गाळलाय.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला दीड वर्ष होऊन गेलं. कागदाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून वहीची पानं फाडून बसलोय. यासीनचाचा दर गुरुवारी तुमच्या रास अल खैरच्या कँपात भाजीची गाडी आणतात, त्यांच्याच हातात हे पाकीट देणार आहे. गंमत बघ. ज्या माणसाने आपल्या गाववाल्यांच्या इथल्या जमातीत उभं राहून जाहीर केलं की राहील फेकी आहे, हात वाकवून चेंडू फेकतो, यापुढे त्याने आपल्या क्रिकेट टुर्नामेंटमध्ये बोलिंग करायची नाही, तोच माणूस माझी पत्रं तुझ्यापर्यंत पोचवणार. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही. पाकीट घेताना म्हणाले, "चला, भाऊभाऊ बोलाय लागलंव, बरा झाला." मी हो म्हटलं.

लिहायचं कारण सांगतो. परवा बेसबॉल लीगच्या टीमची यादी आमच्या ग्रुपवर आली. रास अल खैरच्या टीममध्ये सातव्या नंबरवर तुझं नाव. मी तीनदा वाचलं. मग गोडाऊनच्या मागे जाऊन एकटाच हसलो. तिथे टायर मोजत बसलेल्या बंगाल्याला वाटलं माझं लग्न ठरलं.

मी दम्मामच्या टीमचा पिचर आहे. आमच्या गोडाऊनचा सुपरवायझर फिलिपिनो आहे, त्याला सगळे कुया म्हणतात, म्हणजे त्यांच्याकडचा दादा. त्याने मला एकदा टेपचं बंडल चाळीस फुटांवरच्या खोक्यात टाकताना पाहिलं आणि त्याच शुक्रवारी मैदानावर घेऊन गेला. मधोमध मातीचा उंचवटा असतो, त्यावर उभं राहून मी चेंडू फेकतो. फेकतो, हाशिर. कोपर वाकवून, हवं तसं. इथे तोच कायदा आहे. कोणी मोबाइल काढून माझ्या हाताचा व्हिडिओ हळू करून दाखवत नाही.

तू दाखवलास. माझ्या घरचा, माझा मावसभाऊ, खालाचा मुलगा, आणि तू दाखवलास. त्या ट्रेडिंग कंपनीला तिच्या क्रिकेट टीमसाठी एकच माणूस हवा होता, नावाला स्टोअरकीपर, शुक्रवारी खेळाडू. माझं नाव जवळजवळ नक्की होतं. माझ्यावर बंदी आली आणि आठ दिवसांत ती जागा तुला मिळाली, तुझा इकामा, इथे राहायचा परवाना, त्या कंपनीवर गेला. वर्ष नाही झालं तर त्यांनी टीमच बंद केली आणि तुला वाळवंटातल्या त्या कँपात पाठवलं. हे कळलं तेव्हा मला आनंद झाला. लपवत नाही.

एकवीस फेब्रुवारीला, शुक्रवारी, आपली मॅच आहे. तू बॅट घेऊन समोर उभा राहशील, मधे साठ फूट. मला या वर्षात एवढंच हवंय. तू तीन चेंडूंत बाद होऊन मान खाली घालून परत जायचं आणि ते लोकांनी बघायचं.

राहील


दम्माम, ४ डिसेंबर २०२४

हाशिर,

पहिली मॅच झाली. तुला कुठून तरी कळेलच, म्हणून मीच सांगतो.

बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत आणि खाली जमिनीत बसवलेल्या प्लेटच्या रुंदीएवढी, हवेत एक खिडकी असते. दिसत नाही, पण अंपायरला दिसते. तिच्यातून गेला तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. बाहेरून गेला आणि त्याने बॅट फिरवली नाही तर बॉल. असे चार बॉल झाले की तो काही न करता आरामात चालत पहिल्या बेसवर जातो. मी सहा जणांना चालवलं. सकाळी समुद्रकाठच्या कॉर्निशवर म्हातारे फिरतात तसे एकामागून एक गेले.

दोष क्रिकेटचा आहे. मला वाटतं चेंडू पायात पडला पाहिजे. हात आपोआप यॉर्करच्या जागी जातो आणि इथे यॉर्करला कोणी विचारत नाही, बॅटर नुसता बघत उभा राहतो. कुया बाहेरून ओरडत होता, "राहील! नो बाउन्स! क्रिकेट खलास!" आमचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून माझे चेंडू झेलणारा, सत्यजित साताऱ्याकडचा आहे, इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. त्याच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. म्हणाला, "भावा, मी तुझं काय वाईट केलंय का?"

उरलेले चेंडू उजवीकडे पळतात. सरळ टाकतोय असं मला वाटतं आणि शेवटच्या हातभर अंतरात ते बॅटरच्या अंगावर जातात. एक जुबैलचा कोरियन इंजिनिअर होता, त्याच्या बरगडीत बसला. हातातून सटकला. घाम आला होता. कुयाने मला लगेच काढून घेतलं.

यासीनचाचांबरोबर तू खालाची सोड्याची, सुक्या कोळंबीची चटणी पाठवलीस. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसती बरणी, तीही अर्धी. अर्धी तू ठेवलीस आणि अर्धी मला, असंच ना? लहानपणी करायचास तसं. मी ती गोडाऊनच्या मांजरांना घातली.

तुझ्या चटणीने काही होणार नाही. अजून अकरा आठवडे आहेत.

राहील


दम्माम, २५ डिसेंबर २०२४

हाशिर,

तीन शुक्रवार मी बाकावर बसून काढले. कुया म्हणतो, तुझा हात बंदूक आहे पण नळी वाकडी आहे. हात सरळ कर, चेंडू सरळ जाईल. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत पन्नास चेंडू भिंतीवर मारून घेतो. कोपर ताणून धर म्हणतो. मी ताणतो. ते ताणलं जात नाही. तो म्हणतो, ताण. मी म्हणतो, ताणलंय. एक दिवस दोघेही ओरडायला लागलो आणि फोर्कलिफ्टवाले थांबून बघत राहिले.

शेवटी सत्यजित वैतागला. मला हॉस्पिटलात घेऊन गेला, हात काचेवर ठेवायला लावला आणि फोटो काढला. डॉक्टरांना दाखवला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळाच होता.

"राहील, हा हात सरळ होणारच नाही. लहानपणी मोडलाय आणि तिरका जुळलाय. आयुष्यभर एवढाच वाकडा राहणार. तुला कुणी बोललं नाही?"

मला काय कोणी बोलायचंय? मला माहीत होतं. तुला माहीत होतं. इथे, घरापासून इतक्या लांब, आपल्या दोघांनाच माहीत होतं.

मग त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. तो क्रिकेटचा किडा आहे. म्हणाला, क्रिकेटच्या नियमात फेक कशाला म्हणतात? हात वाकलेला असतो आणि चेंडू सोडताना सरळ होतो, त्याला. ज्याचा हात मुळातच वाकडा आहे आणि सरळ होतच नाही, तो फेकत नाही. तो टाकतो. "तू फेकी नव्हतास, भावा. कधीच नव्हतास. हा एक्स-रे त्या दिवशी असता तर पाच मिनिटांत मिटलं असतं."

मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बसलो. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तेव्हा उठलो.

आता तुला आठवण करून देतो, तू विसरला असशील. मी नऊ वर्षांचा, तू अकराचा. ओहोटी लागलेली. बंदराच्या भिंतीवरून पोरं खाली चिखलात उड्या मारत होती. मी घाबरत होतो आणि तू मागून ढकललंस. खाली होडी बांधायचा खुंटा होता. हात असा झाला की बोटं उलट्या बाजूला दिसत होती. तू खाली आलास, मला चिखलातून काढलंस आणि पहिलं वाक्य काय बोललास? "सांगू नको. अब्बा माना मारतील." मला कसम घातलीस. मी दोन दिवस हात ओढणीत गुंडाळून, ताप आलाय म्हणून पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी हात सुजून मांडीएवढा झाला तेव्हा हाडवैद्याकडे नेलं. मी सांगितलं, एकटाच घसरलो. त्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या. उशीर झाला होता. जुळला तो असा जुळला.

जो हात तू वाकडा केलास, त्याच हाताला तू वाकडा म्हणालास. जमातीच्या हॉलमधल्या टीव्हीवर व्हिडिओ लावून, सगळ्या गाववाल्यांसमोर.

एक्स-रेची फिल्म माझ्याकडे आहे. पंख्याखाली ठेवलीय, वाऱ्याने वाजते.

राहील


दम्माम, १५ जानेवारी २०२५

हाशिर,

हे चौथं पत्र, तुझी एक ओळ नाही. चालेल. तू वाचतोस हे मला माहीत आहे. चाचा सांगतात, पाकीट दिलं की तू लगेच फोडत नाहीस, खिशात घालतोस आणि भाजी उतरवायला लागतोस. भाजी उतरवणं तुझं काम नाही.

आज दोन गोष्टी कबूल करायच्या आहेत. तुझ्यासाठी नाही. शनिवारी सत्यजितने तोंडावर सांगितलं, की माझा अर्धा राग खोटा आहे आणि म्हणून माझा चेंडू भरकटतो. त्याला चूक ठरवायला बसलो तर ठरेना.

पहिली. तो कोरियन. चेंडू सटकला नव्हता. तो तुझ्यासारखाच उभा होता, डावा खांदा पुढे, हनुवटी खांद्यावर. मला तो दिसलाच नाही, तू दिसलास. मी नेम धरून मारला. आमच्या टीमने त्याच्याकडे माफी मागितली तेव्हा तो हसून म्हणाला, नो प्रॉब्लेम. मी मागे उभा होतो. मी माफी मागितली नाही. नंतर जुबैलला जाऊन मागून आलो, बसने, येऊन-जाऊन चार तास. त्याने मला कोबीचं लोणचं खायला घातलं.

दुसरी. जमातीची बैठक. यासीनचाचांनी व्हिडिओ बघून झाल्यावर विचारलं होतं, "याच्या हाताला ल्हानपणी काय लागलेला काय?" हा प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारला होता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू जमिनीकडे बघत म्हणालास, "नाय चाचा. काय नाय लागला." दीड वर्ष मी हेच उगाळत बसलोय, की तू खोटं बोललास. पण तोंड मलाही होतं. मीही बोललो नाही. नऊ वर्षांच्या पोराने घेतलेली कसम मी सव्वीसाव्या वर्षी पाळत बसलो होतो, तुझ्याकडे बघत, की तू सोडवशील. तू मोठा होतास, सोडवायचं काम तुझं होतं. अजूनही मला तसंच वाटतं. माझ्या गप्प बसण्याने तुझं खोटं लहान होत नाही. एवढंच, की आता दोन्ही लिहिलं.

आणि हो, चटणी मांजरांना घातली नाही. सत्यजित आणि मी गरम भाताबरोबर तीन दिवसांत संपवली. तो बोटं चाटत म्हणाला, ज्याच्या घरी अशी चटणी होते त्याच्याशी भांडण कसलं करतोस? मी म्हटलं, चटणी खालाची, भांडण मुलाशी.

आता धंद्याचं. हात सरळ होणार नाही म्हटल्यावर कुयाने दोन दिवस भिंतीवरचा सराव बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "ओके. हात नहीं बदलेगा. टार्गेट बदलेगा." आता सत्यजित ग्लोव्ह मधे धरत नाही. वीतभर पहिल्या बेसच्या बाजूला, प्लेटच्या बाहेर धरतो. बघणाऱ्याला वाटतं याला मोजता येत नाही. मी त्या ग्लोव्हवर फेकतो, चेंडू शेवटी आपल्या खोडीप्रमाणे उजवीकडे सरकतो आणि खिडकीतून आत जातो. कुयाची दुसरी अट अशी, की बॅटरकडे बघायचंच नाही. तो माणूस आहे की खांब, गोरा की काळा, मला माहीतच नाही असं धरून चालायचं. फक्त ग्लोव्ह. पहिलं मला जमलं. दुसरं अर्धंच जमतं.

राहील


दम्माम, ५ फेब्रुवारी २०२५

हाशिर,

सलग दोन मॅच जिंकलो. एकूण नऊ जण बाद केले, चालवले फक्त दोघे. मारला एकही नाही. कुयाने मला त्यांच्याकडची तळलेली केळी खिलवली आणि सगळ्यांसमोर माझं कोपर धरून म्हणाला, ये मेरा वाकडा लडका. वाकडा हा शब्द त्याला सत्यजितने शिकवलाय. मला राग आला नाही. तोच शब्द, पण कोण बोलतो त्यावर असतं.

तुला एक बातमी देतो. रमजानच्या आदल्या शुक्रवारी, अठ्ठावीसला, जमातीची बैठक आहे. तोच हॉल, तोच टीव्ही. मी एक्स-रेचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवलाय. डॉक्टरांनी खाली दोन ओळी लिहून सही केलीय. आधी हाड दाखवणार. मग बंदर, ओहोटी, खुंटा, आणि मागे कोण होतं ते. तुझ्या अब्बांच्या ओळखीचे वीसेक लोक तिथे असतात, अर्ध्या तासात गावात फोन जाईल. तुझ्या अम्मीला शेजारची बाई येऊन सांगेल. मी सगळं डोळ्यांसमोर आणून बघितलंय. छान वाटतं.

पण त्याआधी एकवीस तारीख. आधी मैदान, मग हॉल. मला दोन्ही हवंय. एकावर माझं भागायचं नाही.

राहील


दम्माम, १९ फेब्रुवारी २०२५

हाशिर,

परवा मॅच. थोडक्यात लिहितो.

पहिला चेंडू तुला दिसणार नाही. दुसरा दिसेल पण उशीर झालेला असेल. तिसरा तुझ्या डाव्या बरगडीत. कुयाला काय वाटायचं ते वाटू दे. कोरियनाच्या वेळी माणूस चुकला होता, या वेळी चुकणार नाही.

आता माझा नेम चांगला बसलाय. म्हणून आधी सांगून ठेवतो, म्हणजे दोन दिवस तुला झोप लागायची नाही. आजारी पडायचं असेल तर पड. नाही आलास तर तेही सगळ्यांना सांगेन.

राहील


दम्माम, २६ फेब्रुवारी २०२५

हाशिर,

अस्सलाम अलैकुम. रमजान तोंडावर आलाय म्हणून लिहिला. जास्त अर्थ काढू नकोस.

त्या चेंडूच्या वेळी तू डोळे मिटले होतेस. म्हणजे काय झालं ते तुला धड माहीत नाही. टीमवाल्यांनी काहीतरी सांगितलं असेल. खरं काय ते मी सांगतो.

तू आलास तेव्हा पाचवा डाव होता आणि माझी पाठ तुझ्याकडे होती. तरी मला कळलं. तू चालताना पाय घासतोस, आवाज ओळखला. वळून बघितलं तर वाळलास. दाढीत दोन पांढरे केस आहेत. एकोणतीस वय काय पांढऱ्या केसांचं आहे का? असो, तो तुझा प्रश्न.

पहिले दोन चेंडू मातीत गेले. पत्रात केवढ्या वल्गना केल्या होत्या आणि चेंडू सत्यजितपर्यंतही धड पोचेना, लिहून ठेवतो. दोन बॉल, शून्य स्ट्राइक. तेव्हा तू पुढे सरकलास. प्लेटला बूट लावून, अंग प्लेटवर झुकवून उभा राहिलास. असं कोणी उभं राहत नाही. बॅट खांद्यावरून उचललीसुद्धा नाहीस. हाताला बांधायचा पॅड सोडून मागे टाकलास. आणि माझ्याकडे बघून, पार बंदरावर मारायचास तशी हाक मारून म्हणालास,

"मार रे. काय ता एकदा मार, नि मोकला हो."

अंपायर आफ्रिकेतला, त्याला वाटलं तू देवाचं नाव घेतोयस. सत्यजितला कळलं. त्याने वेळ मागितला आणि ग्लोव्ह तोंडावर धरून माझ्याकडे चालत आला.

"हाच का तो?"

"हाच."

"मारायला सांगतोय तुला."

"ऐकलं मी."

मला वाटलं, आता हा मला समजावणार. माफ कर म्हणणार, डॉक्टरांकडचा माणूस आहे. तो तसलं काही बोलला नाही. चेंडू माझ्या हातात दाबला आणि म्हणाला, "तुझं तू ठरव. मी ग्लोव्ह कुठे धरू तेवढं सांग."

हाशिर, माझ्या जन्मात मला कोणी एवढा सरळ प्रश्न विचारला नाही. मी उभा राहून तुझ्याकडे पाहिलं. तुझी बरगडी माझ्यासमोर उघडी होती, टी-शर्ट वाऱ्याने चिकटला होता, हाडं मोजता आली असती. चार महिने ज्यासाठी मी भिंत फोडत होतो ती गोष्ट तू ताटात वाढून आणली होतीस. आणि मला एकदम कळलं की तू का आलास. तुला मार हवा होता. महिनाभर बरगडी दुखली असती, कँपात लोकांना दाखवली असतीस, खोकताना कळ आली असती, आणि मग एक दिवस दुखायची थांबली असती. तुझ्या मनाने आपण बरोबरीत आलो असतो. माझा हात मोडला, तुझी बरगडी मोडली, चल, चहा पिऊ.

माझा हात कधी थांबणार आहे रे?

मी सत्यजितला सांगितलं, रोजच्या जागी. वीतभर बाहेर.

त्यानंतर मी तुझ्याकडे पाहिलं नाही. कुयाची दुसरी अट, बॅटरकडे न बघायची, जी जमत नव्हती, ती त्या दिवशी जमली. तू प्लेटवर आडवा आलेला होतास, अर्धी वीत चुकलो असतो तरी तुला लागला असता, आणि मग तू जिंकला असतास. मला फक्त ग्लोव्ह दिसत होता, चामड्यावरचा तेलाचा डाग दिसत होता. पहिला स्ट्राइक. तू हलला नाहीस. दुसरा स्ट्राइक. तुझ्या टीममधून कोणीतरी ओरडलं, बॅट फिरव! तू डोळे मिटलेस. तिसऱ्याला मी सगळं अंग लावलं. चेंडू बाहेरच्या बाजूने निघाला, शेवटी खोडीप्रमाणे आत वळला, तुझ्या छातीपासून चार बोटांवरून गेला आणि ग्लोव्हमध्ये बसला. असा आवाज मी वर्षभरात काढला नव्हता.

अंपायरने आउट दिला. तरी तू तसाच उभा. डोळे मिटून, अंग आकसून, लागायची वाट बघत. सत्यजितने तुझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा दचकलास. "झालं," तो तुला म्हणाला. "जा आता." तू त्याला विचारलंस, "लागला नाय?" हे मला त्याने नंतर सांगितलं.

नाही लागला. लागू दिला नाही. मान खाली घालून परत गेलास, लोकांनी बघितलं, मी पहिल्या पत्रात मागितलं होतं तस्संच. मॅच आम्ही एका रनने हरलो. कुयाने दोन दिवस मला टायर मोजायला बसवलं, मग येऊन म्हणाला, ते तीन चेंडू त्याने आजवर पाहिलेले सगळ्यात चांगले. मला दोन्ही पटलं.

आता हॉलचं.

शुक्रवारी मी बैठकीला येणार नाही. सरावाला जाणार आहे. मोबाइलमधला फोटो पुसून टाकलाय. फिल्म एकच आहे आणि ती तुझ्याकडे पाठवतोय. खालाची बरणी धुऊन पुसून ठेवली होती. कोणाची बरणी रिकामी परत देऊ नये, ही आपल्या घरातली रीत मला ठाऊक आहे, आणि मी रीत मोडणारा नाही. म्हणून फिल्म गुंडाळून त्यात घातलीय, डॉक्टरांच्या सहीसकट. झाकण घट्ट लावलंय. यासीनचाचा उद्या स्वतः तुझ्या हातात देतील आणि त्यांना वाटेल मी खाऊ पाठवलाय.

त्यांच्याच गाडीतून परवा तू बैठकीला येणार आहेस म्हणे. बरणी आणायची की कँपातल्या कचऱ्यात टाकायची ते तू बघ. टाकलीस तर कोणाला कळणार नाही. माझ्याकडे दुसरी प्रत नाही, सत्यजितला मी काढू दिली नाही. मी फेकी राहीन आणि तू माझा चांगला मावसभाऊ राहशील, जन्मभर.

चाचांना मी एवढंच सांगितलंय, की बैठक संपायच्या आधी तो जुना प्रश्न पुन्हा एकदा सगळ्यांसमोर विचारा. राहीलच्या हाताला लहानपणी काही लागलं होतं का. का ते त्यांनी विचारलं नाही. विचारीन म्हणाले.

मागच्या वेळी तू जमिनीकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे. या वेळी तुझ्याकडे बघायला मी तिथे नसेन.

राहील